मुखत्यारपत्र आणि पडदा

मागच्या परीक्षेच्या आधी माझ्या हातून एक चूक झाली. चूक माझीच होती, म्हणून सांगायला संकोच नाही.

शाळेत प्रिंटर जोडलेला संगणक एकच आहे. जुना आहे, म्हणून त्यावर लिनक्स टाकलेलं आहे. त्यावर तीन खाती आहेत: एक मुलांचं, एक शिक्षकांचं, आणि तिसरं फक्त प्रश्नपत्रिकांसाठी. या तिसऱ्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे असतो. त्या दिवशी नववीची दोन मुलं भित्तिपत्रकासाठी उर्दू मजकूर टाईप करत बसली होती. मधल्या सुट्टीत ती उठली, काम अर्धवट उघडं ठेवून. त्यांच्या खिडक्या बंद करणं जिवावर आलं. मी विचार केला, यांचं सगळं असंच राहू दे, याच पडद्यावर माझ्या तिसऱ्या खात्याच्या नावाने लिब्रेऑफिस उघडतो आणि पेपर टाईप करून घेतो.

काळी खिडकी उघडली, 'सू' ही आज्ञा दिली, पासवर्ड टाकला. मशीनने मान्य केलं की आता मी 'परीक्षा' आहे. लिब्रेऑफिसचं नाव टाईप केलं, तर उत्तर आलं: 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं की आधी 'एक्सहोस्ट प्लस' म्हणा, मग उघडेल. म्हटलं, उघडलं. अर्ध्या तासात नववीचा उर्दूचा पेपर झाला, फाईल माझ्या खात्यात बंदोबस्तात ठेवली आणि मी खुशीत घरी गेलो.

दोन दिवसांनी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. तो आता संगणकाचा डिप्लोमा करतो. मी मोठ्या कौतुकाने माझी युक्ती सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "सर, फाईल मुलांना उघडता येणार नाही, ते बरोबर आहे. पण तुम्ही टाईप करत होता तेव्हा पडदा कोणाचा होता?"

त्या प्रश्नामागे पन्नास वर्षांहून जास्त इतिहास आहे हे मला नंतर वाचताना कळलं. तोच आज सांगतो.

युनिक्स अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये 1969 साली सुरू झालं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही त्यामागची मुख्य नावं. एकच मशीन अनेकांनी वापरायचं, ही त्या काळची गरज होती, कारण मशीन महाग होतं. म्हणून प्रत्येक माणसाला एक क्रमांक, प्रत्येक फाईलला एक मालक, आणि मालक सांगेल त्यालाच ती वाचता येईल, अशी व्यवस्था झाली. शून्य क्रमांकाचा माणूस मात्र सगळ्यांच्या वर. त्याला 'रूट' म्हणतात आणि त्याला कुठलंच कुलूप अडवत नाही. 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'सू' ही आज्ञा आहे. पासवर्ड सांगा आणि दुसरा माणूस बना.

पण पूर्ण दुसरा माणूस बनणं दर वेळी सोयीचं नसतं. साधा पासवर्ड बदलायचा तरी ज्या फाईलला हात लावावा लागतो ती रूटच्या मालकीची. मग प्रत्येकाला रूट करायचं का? रिचींनी यावर सेटयूआयडीचा तोडगा काढला. फाईलवर एक खूण ठेवली, की तो प्रोग्राम चालवणारा कुणीही असो, प्रोग्राम चालेल मालकाच्या अधिकाराने, आणि प्रोग्राम संपला की अधिकारही संपेल. या कल्पनेचं पेटंट 1973 मध्ये मागितलं गेलं आणि 1979 मध्ये मिळालं. पुढे बेल लॅब्सने ते सर्वांसाठी खुलं केलं.

मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे मला इथे एक शब्द आठवतो: मुखत्यार. मूळ अरबी, फारसी-उर्दूतून मराठीत आलेला आणि तलाठी कार्यालयापासून कोर्टापर्यंत आजही रोज वापरला जाणारा. 'सू' म्हणजे कुलमुखत्यारपत्र: तुमच्या नावाने मी काहीही करीन. सेटयूआयडी म्हणजे एका कामापुरतं मुखत्यारपत्र: फक्त या एका दस्तावर सही करीन. 1980 च्या सुमारास बफेलो इथल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' लिहिलं. त्यात मुखत्यारपत्रांची एक यादीच असते: कोण, कोणाच्या नावाने, कोणती आज्ञा चालवू शकतो. आजही लिनक्सवर रोजच्या वापरात तेच आहे.

हे सगळं ज्या काळात घडलं त्या काळात पडदा आजच्यासारखा नव्हता. टेलिटाईप किंवा साधं टर्मिनल असायचं: एक तार, एक माणूस, वरून खाली येणारी अक्षरं. तुम्ही 'सू' म्हणून दुसरे झालात तरी तार तीच राहायची. आधीच उघडलेली तार नव्या प्रोग्रामच्या हाती तशीच सोपवली जायची, त्यामुळे दारावर कुणी विचारतच नव्हतं. म्हणूनच काळ्या खिडकीत 'सू' आजही बिनतक्रार चालतं. खिडक्यांचा प्रोग्राम मात्र वेगळा असतो. त्याला पडद्याशी स्वतःची नवी जोडणी करावी लागते. तो दार ठोठावतो, आणि तिथे त्याला विचारलं जातं: तू कोण?

हे दार बांधलं दुसऱ्याच लोकांनी, दुसऱ्याच गावात. 1983 च्या मे महिन्यात एमआयटीत 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला, डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने. विद्यापीठभर संगणक पसरायचे, आणि विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनसमोर बसावं तरी त्याला त्याचं काम मिळावं, असा हेतू होता. 1984 मध्ये तिथे रॉबर्ट शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक खिडक्यांची व्यवस्था उभी केली. स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची अशी एक व्यवस्था आधीच होती. ती घेऊन, सुधारून, तिला पुढचं अक्षर दिलं: एक्स. सप्टेंबर 1987 मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, आणि बारावी अजून आलेली नाही. माझ्या शाळेतल्या मशीनवर तीच अकरावी आहे.

एक्सची खुबी अशी की प्रोग्राम एका मशीनवर चालतो आणि त्याची खिडकी दुसऱ्या मशीनच्या पडद्यावर दिसते. मोठं गणित तळघरातल्या ताकदवान मशीनवर, आलेख तुमच्या टेबलावर. इथे शब्दांची एक गंमत आहे, जिच्यात मी बराच वेळ अडकलो होतो. एक्समध्ये 'सर्व्हर' म्हणजे दूरचं मोठं मशीन नव्हे. ज्याच्याकडे पडदा, कीबोर्ड आणि माऊस आहे तो सर्व्हर, आणि लिब्रेऑफिस त्याचं गिऱ्हाईक. दुकान तुमच्या टेबलावर असतं आणि गिऱ्हाईक लांबून येतात.

आता बेल लॅब्सचा माणसाचा क्रमांक इथे कुचकामी ठरला. दुसऱ्या मशीनवरचा हजार क्रमांकाचा माणूस आणि माझ्या मशीनवरचा हजार क्रमांकाचा माणूस एकच असेल याची खात्री काय? म्हणून एक्सने माणूस ओळखायचा प्रयत्नच केला नाही. तो फक्त विचारायचा, कुठल्या मशीनवरून आलात? मान्य मशीनांची यादी ठेवायची आज्ञा म्हणजे 'एक्सहोस्ट'. 'एक्सहोस्ट प्लस' म्हणजे यादीच रद्द, दार सताड उघडं, कोणीही या.

आणि विद्यापीठांत लोक सर्रास दार उघडं टाकत. त्याची थट्टाही झाली. 'एक्सरोच' नावाचा एक प्रोग्राम होता, जो पडद्यावर झुरळं सोडतो. झुरळं खिडक्यांखाली लपतात आणि खिडकी बाजूला केली की सैरावैरा पळतात. दुसऱ्याच्या उघड्या पडद्यावर ती सोडण्याचा खेळ चालायचा. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे, पण जो झुरळ सोडू शकतो तो बाकी काय करू शकतो हा प्रश्न उरतोच.

मग एक चांगला उपाय आला. सत्र सुरू होताना मशीन 128 बिटांचा एक गुप्त आकडा तयार करतं आणि तो मालकाच्या घरात, म्हणजे त्याच्या फोल्डरमध्ये, 'एक्सऑथॉरिटी' नावाच्या फाईलमध्ये ठेवतं. ती फाईल फक्त मालकाला वाचता येते. जो प्रोग्राम तो आकडा दाखवेल त्याला दार उघडतं. या आकड्याला 'मॅजिक कुकी' असं खुळचट नाव आहे. आपण परवलीचा शब्द म्हणू. बेल लॅब्सची फाईल-मालकी आणि एमआयटीचा पडदा या दोन वेगळ्या जगांना जोडणारी ही पहिली दोरी होती: पडदा माणूस ओळखत नाही, पण परवली मालकाच्या कुलपात असते.

आता माझ्या शाळेत काय झालं ते स्पष्ट होतं. पडदा मुलांच्या खात्याने उघडलेला होता, म्हणून परवलीही त्यांच्याच कुलपात. मी 'सू' म्हणून 'परीक्षा' झालो. 'परीक्षा'ला ती फाईल वाचता येत नाही, म्हणून दार उघडेना. मशीन माझ्याशी वैर करत नव्हतं, ते नेमकं सांगत होतं की हे घर तुझं नाही. रूटची गोष्ट निराळी. रूटला कुलूप नसल्यामुळे तो परवली वाचू शकतो, म्हणून 'सुडो' वापरून खिडक्यांचे प्रोग्राम बहुतेक वेळा उघडतात. लोकांना वाटतं तो काहीतरी जास्त योग्य रस्ता आहे. तो फक्त जास्त ताकदीचा रस्ता आहे.

खरी अडचण दाराच्या आत आहे. एक्समध्ये एकदा आत आला की तो घरचाच. आत कुठल्याही खोलीला दार नाही. कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेली प्रत्येक कळ वाचू शकतो, संपूर्ण पडद्याचं चित्र घेऊ शकतो, दुसऱ्या खिडकीत खोट्या कळाही पाठवू शकतो. करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. 'एक्सटर्म' या जुन्या काळ्या खिडकीच्या मेन्यूत 'सिक्युअर कीबोर्ड' अशी एक ओळ आहे. पासवर्ड टाकण्याआधी ती निवडली की कीबोर्ड तेवढ्यापुरता त्या एकाच खिडकीचा होतो. वर्षानुवर्षं ती ओळ तिथे आहे. ती निवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घ्यायला सांगितलं आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्याच सूरहमध्ये पुढे आणखी एक गोष्ट आहे, जी तितकी सांगितली जात नाही. घरातल्याच लोकांनी, घरात वावरणाऱ्या मुलांनीसुद्धा, दिवसातल्या तीन वेळा इजाजत घेऊन आत यावं: फज्रच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर. म्हणजे उंबरठा ओलांडण्याची परवानगी वेगळी आणि आतल्या खोलीची वेगळी. शायफ्लर आणि गेटिस यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांना एका विद्यापीठातली, एकमेकांना ओळखणारी माणसं दिसत होती. साधन आम्ही देतो, धोरण तुम्ही ठरवा, हे एक्सचं उघड तत्त्व होतं. पण धोरण ठरवायला नंतर फारसं कुणी बसलं नाही.

ठिगळं मात्र लागत राहिली. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीचा प्रकार घडला. त्यानंतर तिथल्या तातू युल्योनेन यांनी 'एसएसएच' लिहिलं. दूरच्या मशीनवरचा प्रोग्राम आपल्या पडद्यावर आणताना ते खरी परवली पलीकडे पाठवतच नाही. खोटी परवली देतं, आणि जोडणी परत आली की दारावर खोटीच्या जागी खरी ठेवतं. ही युक्ती मला फार आवडली. 1996 मध्ये एक्समध्ये भरवशाचे आणि बिनभरवशाचे असे गिऱ्हाइकांचे दोन वर्ग करण्याची सोय आली, पण बिनभरवशाच्या वर्गात टाकलेले कित्येक प्रोग्राम धड चालेनात, आणि लोकांनी तो नाद सोडला. पुढे 'एक्सहोस्ट'मध्येच एक चांगली सोय आली: सगळ्या जगाला नव्हे, याच मशीनवरच्या अमुक नावाच्या वापरकर्त्यालाच आत घे. मला त्या दिवशी निदान हे करता आलं असतं. दार तरी सताड उघडं राहिलं नसतं. पण माझा पेपर मुलांच्या पडद्यावर उघडाच राहिला असता, कारण आतल्या खोल्यांना दारं तरीही नव्हती.

दरम्यान घरोघरी लिनक्स पोचलं आणि 'सुडो' लावून खिडक्यांचे प्रोग्राम चालवणं ही सवय झाली. तिचा एक त्रास पुष्कळांनी भोगला आहे. उबंटूमध्ये 'सुडो' अधिकार रूटचे द्यायचं, पण घर तुमचंच ठेवायचं. रूट म्हणून चाललेला संपादक तुमच्या घरात स्वतःच्या मालकीच्या फाईली लिहून जायचा. त्यात ती परवलीची फाईल रूटची झाली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही अचूक पासवर्ड टाकता, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. तुमच्याच घरातली तुमचीच किल्ली तुम्हाला हातात घेता येत नाही. ही घर राखून ठेवण्याची पद्धत उबंटूने 2019 च्या ऑक्टोबरमधल्या आवृत्तीत बदलली. तोपर्यंत हे टाळण्यासाठी 'जीकेसू' आणि 'केडीईसू' असे मध्यस्थ होते, जे पासवर्ड नेटक्या खिडकीत विचारायचे आणि घरही नीट बदलून द्यायचे. 2018 मध्ये डेबियन आणि उबंटूने 'जीकेसू' काढून टाकलं.

काढून टाकण्याचं कारण महत्त्वाचं आहे. खिडक्यांचा एक आख्खा प्रोग्राम, त्यातली चित्रं, फाँट, मेन्यू, प्लगइन, हे सगळं दुसऱ्याच्या, त्यातही रूटच्या, अधिकाराने चालवायचं म्हणजे लाखो ओळींना कुलमुखत्यार करायचं. खिडक्या काढणारं 'जीटीके' नावाचं साहित्य तर सेटयूआयडीची खूण असलेला प्रोग्राम दिसला की सरळ बंद पडतं. त्याच्या कर्त्यांनी ते मुद्दाम तसं केलं आहे. रेड हॅटमधल्या डेव्हिड झॉयथेन यांच्या 'पॉलिसीकिट'ने, ज्याला आता 'पोलकिट' म्हणतात, हा प्रश्न उलटा केला. खिडकी तुमच्याच नावाने चालू दे. रूटची गरज असलेलं नेमकं काम, समजा मशीनची वेळ बदलणं, एका छोट्या प्रोग्रामकडे अर्ज म्हणून जाऊ दे. तो तुमची पात्रता तपासेल आणि तेवढंच करेल. म्हणजे पुन्हा एका कामापुरतं मुखत्यारपत्र, रिचींच्या मूळ कल्पनेच्या जवळचं. तेही निर्दोष नाही. जानेवारी 2022 मध्ये पोलकिटच्या 'पीकेएक्झेक' या आज्ञेत अशी फट सापडली की कोणीही रूट होऊ शकत होता, आणि ती फट 2009 पासून तिथे होती.

आतल्या खोल्यांना दारं लावण्याचं काम 'वेलँड'ने केलं. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी 2008 मध्ये ते सुरू केलं. त्यात कळ दाबली की ती फक्त समोरच्या खिडकीला कळते, बाकीच्या खिडक्यांना ऐकू येत नाही. आणि पडद्याशी जोडायची जागाच मालकाच्या खासगी फोल्डरमध्ये असते. नोव्हेंबर 2016 मध्ये फेडोराच्या 25 व्या आवृत्तीने वेलँड मुख्य केलं, तेव्हा डिस्कची विभागणी करणाऱ्या 'जीपार्टेड'सारखे, आख्खे रूट म्हणून चालणारे प्रोग्राम उघडेनात. लोकांनी पुन्हा 'एक्सहोस्ट'चाच आधार घेतला, निदान फक्त रूटच्या नावापुरता. मला त्या लोकांवर हसता येत नाही. घाई असते, काम अडलेलं असतं, आणि कुणीतरी लिहिलेली एक ओळ चालते.

तर पडदा कोणाचा होता? मुलांच्या खात्याचा. त्या अर्ध्या तासात त्यांच्या खात्यात चालू असलेला कोणताही प्रोग्राम माझा पेपर अक्षर-अक्षर वाचू शकत होता. वाचला का? नाही, मला नाही वाटत. त्या मुलांना मी ओळखतो, भित्तिपत्रकापलीकडे त्यांच्या डोक्यात काही नव्हतं. त्यांना विचारणंसुद्धा मला बरं वाटलं नाही, कारण विचारलं असतं तर माझ्या निष्काळजीपणाचा संशय त्यांच्या अंगावर गेला असता. पण पेपर ही अमानत आहे. वाचला नसावा एवढ्यावर तो परीक्षेत देता येत नाही. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला कळणारही नाही." मी म्हटलं, "सर, मला कळलंय." रात्री बसून पेपर नव्याने काढला, या वेळी मुलांचं सत्र तसंच ठेवून पण वापरकर्ता बदलून, म्हणजे वेगळ्या खात्याचा वेगळा पडदा उघडून. ही सोय त्या मशीनवर पहिल्या दिवसापासून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी त्यांच्या खात्यात गेलो आणि नुसतं 'एक्सहोस्ट' म्हणून पाहिलं. मशीनने इंग्रजीत सांगितलं की पहारा चालू आहे आणि ज्यांना परवानगी आहे तेच जोडू शकतात. मधल्या काळात कधीतरी सत्र बंद होऊन माझं उघडं टाकलेलं दार आपोआप मिटलं होतं. भित्तिपत्रकाची फाईल जागेवर होती. मथळ्यात एक नुक्ता राहिला होता, पण तो मी दुरुस्त केला नाही. मुलं आल्यावर त्यांनाच दाखवला.